निशिगंधाचे अत्तर

प्रिय कन्येस, अनेक आशीर्वाद.

माझ्या कठोर शब्दांमुळे तू घर सोडलेस, तेव्हा मागे राहिलेले निशिगंधाचे अत्तर आज मी मनगटाला लावले. गंध हा पृथ्वीचा गुण, हे मीच तुला शिकवले. तरी हा गोड, जड दर्प माझ्या वयाला शोभत नाही. पण दृष्टी गेलेले तुझे वडील रोज तुझी वाट पाहतात, म्हणून तशीच त्यांच्या उशाशी बसले.

ते हसले. "आलीस का गं, चिमणे? आई जपाला बसलीय तोवर बोलून घे!" मग हळूच म्हणाले, "तिनं माफ केलं का गं तुला?"

केव्हाच केले होते. पण बोलले असते तर त्यांनी माझा आवाज ओळखला असता. माझ्या मौनाचा अर्थ त्यांनी नकार असा घेतला.

जिला तुझा पत्ताही ठाऊक नाही, अशी
तुझी आई