माइन म्हणजे

ता. ३ डिसेंबर १९१७, खालापूर
शाळा सुटताना धोंडू आणि त्याची बायको सोनाबाई आली. त्यांचा गणू आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायला असतो. आज कंपनीचे इंग्रजी पत्र. चार ओळी. गावात इंग्रजी वाचणारा मीच, तोही तीन इयत्तांपुरता. गणूचे नाव, बोटीचे नाव, मग 'लॉस्ट बाय माइन'. लॉस्ट म्हणजे हरवला. माइन म्हणजे खाण. कोळशाचाच माणूस, खाणीवर नेला असेल. तसे सांगितले.
सोनाबाई म्हणाली, "वाट चुकला म्हंजे जिता हाय!"

ता. ६
सोनाबाई नव्या तांदळाचे पोहे घेऊन आली. नको म्हटले तरी ठेवून गेली. खाणीतून माणसे बाहेर काढतात का, विचारत होती. काढतात म्हणालो. मला काय ठाऊक!
पण बोटीवरचा माणूस खाणीत कसा?

ता. ९, रवि.
चालत कर्जतला. रेल्वेतले जुने मालबाबू पेन्शनीत आहेत, त्यांच्याकडे जाडा कोश. पत्राची नक्कल दाखवली. त्यांनी कोश उघडलाच नाही. चष्मा काढला. "मास्तर, माइन म्हणजे सुरुंगसुद्धा."
मग कोशात दाखवले. मूळ अर्थ खणण्याचा. पूर्वी किल्ल्याच्या तटाखाली बोगदा खणून दारू ठासत, तट उडवत. म्हणून त्या दारूलाही तेच नाव. आता लढाईत दारू भरलेले लोखंडी गोळे समुद्रात सोडतात. तिथे खणणे कसले, पण नाव राहिले. आपल्या सुरुंगाचेही तेच की. आधी भुयार, मग स्फोट. इतकी वर्षे मुलांना शब्दार्थ घालतो, आणि...
लॉस्टचाही दुसरा अर्थ त्यांनी सांगितला. गेला.

ता. १०
मुलांना शुद्धलेखन घातले आणि बसून राहिलो. उद्या सांगायचेच.

ता. ११
धोंडूला खळ्यावर गाठले. एकटाच पेंढा रचत होता. तरुणपणी घाटात रेल्वेच्या कामावर दगड फोडायचा. डाव्या हाताची दोन बोटे तिथेच गेली. म्हणालो, "धोंडू, माझे चुकले. खाण नव्हे. सुरुंग. बोट बुडाली."
तो पेंढा रचतच राहिला.
"मास्तर, समिंदरात सुरुंग कोन लावतं?"
शत्रू, म्हणालो. लढाईत.
"म्या सुरुंग बगितलाय. काय उरतं ठावं हाय. तिला सांगू नका. मी सांगन."
"कधी?"
"सांगन म्हनलं ना."

ता. १६
धोंडूने अजून तिला सांगितलेले नाही. सोनाबाई ओढ्यावर भेटली, हसून बोलली. मी घाईत असल्याचे दाखवले. लाज वाटली.

ता. १९
सोनाबाई आली. धोंडू दाराबाहेर उभा. खाणीवर पत्र धाडायचे म्हणाली.
"लिवा मास्तर. म्हशीला पारडी झाली. तुजी खोली सारवून ठेवलीया. भुईखाली गारठा आसंल, अंगात काय घालतोस रं?" थांबली. "समदं लिवलंत ना?"
धोंडूकडे पाहिले. त्याने मान फिरवली. मी सगळे लिहिले, वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, "आता वर पत्ता घाला."
पत्ता शोधून घालतो म्हणालो. पत्र माझ्याकडे आहे. उद्या ती स्वतः टपालपेटीत टाकणार आहे. सकाळीच येते म्हणून गेली.