पेन पुन्हा फिरवलं

आई, आज डोकं इतकं तापलंय की तुझ्याशिवाय कुणापुढे बोलावं सुचत नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात गोवराच्या लसीची पाहणी होती. प्रत्येक घरी जाणं शक्य नसतं, म्हणून गावाच्या मधोमध उभं राहून जमिनीवर पेन फिरवायचं आणि टोक जिकडे थांबेल तिकडची घरं घ्यायची. निवड आपल्या सोयीची होऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. पेन थांबलं नाल्यापलीकडच्या वस्तीकडे. आमचे साहेब म्हणाले, "तिकडे गाडी जात नाही. पुन्हा फिरवा." पुन्हा फिरवलं. टोक ग्रामपंचायतीकडे आलं, तेव्हा म्हणाले, "हां, आता बरोबर." काय बरोबर, डोंबल! तिथल्या पोरांना लस मिळालेलीच होती.

दुपारी मी एकटीच नाला ओलांडून गेले. एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. लस दिलीय का विचारलं, तर म्हणाली, "बठ्ठा डॉक्टर-नर्स गावमाच थांबतस ताई, आमनाकडे कोनी येत नही." गाव कागदावर उत्तम निघालं की वस्तीला लसीकरणाचा वेगळा दिवस मिळणार नाही. परत येऊन मी पाहणीच्या कागदांवर सही करायला नकार दिला. "तुमच्या जागी दुसरी बाई पाठवतो," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "पाठवा. पण तिला पेन एकदाच फिरवू द्या."

आणि राग तुझाही येतोय. एरंडोलचं आपलं स्वयंपाकघर आठवतंय. तू नर्सबाई, दिवसभर वस्त्या पायाखाली घालून आलीयेस, लसीचा डबा धुऊन ओट्यावर उपडा ठेवलायस आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापतेयस. जिथे कुणी पोचलंच नाही त्या वस्त्याही डॉक्टरांनी 'झाल्या' म्हणून लिहिल्या, हे तूच सांगतेस. मी दहावीत. विचारते, "मग तू बोलली का नाहीस?" तू पिठाचा हात परातीवर आपटतेस. "मोठ्यांपुढे तोंड चालवायचं नसतं. नोकरी आहे म्हणून दोन वेळचं मिळतंय." मी गप्प झाले, आणि पुढे कितीतरी वर्षं गप्पच राहिले. का शिकवलंस गं मला असं?

हे पत्र कुठे टाकणार? देवपूरच्या या घरात, माझ्याजवळच राहील. पण खरं सांगू? आज तू असतीस, तर नोकरीचं काय होणार म्हणून जेवली नसतीस, आणि तू जेवावंस म्हणून मी उद्या जाऊन सही करून आले असते.