तंबू नंबर तीन

स्वरूचे पप्पा,

तुम्ही ड्युटीवरनं फोनवर बजावलंत, "पोरीसाठी पवायचं शिबिर नीट बघून निवड." म्हणून म्या मुरुमपासनं अणदूरपर्यंत तीन शिबिरं पालथी घातली. विहिरीला कठडा हाय का, पोरींजवळ झोपायला बाई कोण, सगळं विचारलं. तिसऱ्या ठिकाणचे सर वैतागून म्हणाले, "ताई, मग तुम्हीच या की!" म्या लगेच व्हय म्हणलं.

स्वरू म्हणाली, "मम्मी येणार तर मी न्हाय जात." ती तामलवाडीला आजीकडं टीव्ही बघत बसलीय. पण म्या सरांना शब्द दिलेला, मोडणार कसा? म्हणून एकटीच आले, अन् आता हितं तंबू नंबर तीनमध्ये दुसऱ्यांच्या पोरींजवळ झोपते.

हे पत्र टाकत न्हाय. तुम्ही लगेच घरी जा म्हणाल, अन् मला अजून पाठीवर पवायला शिकायचंय.

तुमची,
मंजुषा