गोष्टीचा तास सांजेले

१० मार्च १९६४
चौथीची फुलाय आजही गप्प. गणितं फटाफट करते, पण वाचनमालेतली गोष्ट काढली का तोंडाले कुलूप. डोकं फिरलं माझं, ओरडलो. परीक्षा घ्याले येणाऱ्या डिप्टीसाहेबांसमोर अशीच बसली तर नापास. मग तालुक्याचं वसतिगृह गेलं अन् बकऱ्यांमागे फिरणं आलं. कोरकूंच्या या वस्तीभर मोहाचा वास. मलेही पेंग येऊन राह्यली.

१२ मार्च
शेवटी तिची मायच बोलली. "गुरुजी, दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते. तिचा मामा, आमचा चैतू, बांबू तोडाले डोंगरात गेला, आला नाही अजून."
अरे देवा! माझ्या गावी, जानेफळले, आईही हेच सांगे. ट्रेनिंग करून मीच विसरलो. कोरकूंचा मामा अन् आमचा मामा एकाच डोंगरात हरवते म्हणायचा.

१६ मार्च
गोष्टीचा तास आता सांजेले, मोहाखाली. दिवस बुडाला, सातपुडा निळा झाला, कंदील लावला. काय वाचते पोरगी! मधातच कोरकूत सांगते. बाया, म्हातारे "हूं" म्हणतात. "हूं" आलं नाही का थांबते. मीही म्हटलं. झोपेत तरंगल्यासारखं वाटलं. लय खुशीत आहो आज.

२ एप्रिल
डिप्टीसाहेब आले. भर दुपार. "वाच." फुलाय माझ्याकडे पाहे. सांगून टाकलं, साहेब, दिवस बुडेपर्यंत थांबता का? कारणही सांगितलं. त्यांनी घड्याळ पाह्यलं. आता माझ्याविरुद्ध कागद काळे करतात वाटलं.
"मामा कवाचा गेला?"
"होळीच्या आधी," मी म्हटलं.
टोपी काढून मोहाखाली आडवे झाले, संध्याकाळची गाडी सोडली. कंदील लागल्यावर तिनं वाचलं. साहेबही "हूं, हूं". पास! घरी येऊन एकटाच नाचलो.

३ एप्रिल
सकाळीच फुलाय दारात. पदराच्या टोकात मोहाची फुलं, माझ्यासाठी.
"गुरुजी, त्या वसतिगृहात गोष्ट कवा वाचतात?"
खोटं बोलवेना. "दिवसा."
"सारेच?"
"सारेच."
फुलं माझ्या ओंजळीत टाकली अन् डोंगराकडे पाहत उभी राह्यली. चैतूचा पत्ता नाही. वसतिगृह उघडते जूनले, अजून वेळ आहे म्हणा, तोवर येईल. मीही तिच्या बाजूले उभा राहून तिकडंच पाह्यलं.