दिवाणखान्यातला चढ

ती. साडूभाऊंस,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात सध्या अष्टांगांपैकी दोन-तीनच वाकतात, उरलेल्यांचा मनापासून समजावा. कारण पुढे येईलच.) थोरल्या मेहुणीबाईंची कंबर आता कशी आहे? बदलीची कचेरी, नवा साहेब, नवं घर, सगळं मानवलं असेलच. आम्ही इकडे मजेत. तुमची आठवण वगैरे फारशी येत नाही, कारण वेळच मिळत नाही. मी सायकल चालवतो. घरात.

त्याचं असं झालं. तुम्ही गेल्यावर पहिल्या रविवारी मी सवयीने उठलो, सायकल खाली नेली, फाटकापाशी तुमची वाट पाहिली आणि तुम्ही येणार नाही हे आठवल्यावर ती परत वर आणली. पुढच्या रविवारीही तेच. (त्यानंतरच्या रविवारी नुसताच चहा प्यायलो.) हिच्या नजरेतून हे सुटणार थोडंच? "एकट्याने जायला काय होतं?" असं हिने विचारलं. आता मागून कुणीतरी "चला, आलंच" अशी थाप मारल्याशिवाय माझ्याच्याने चढ चढवत नाही, हे बायकोला कसं सांगायचं? मी रहदारीचं कारण पुढे केलं. झालं! हिने लेकीला कामाला लावलं आणि घरात ट्रेनर आला.

ट्रेनर म्हणजे एक लोखंडी सांगाडा. त्यात सायकलचं मागचं चाक आवळून बसवायचं, मग कितीही पेडल मारा, तुम्ही कपाटासमोरच. रस्त्यावर वारा असतो, इथे पंखा, तोही हिच्याकडे वळवलेला. घाम इतका गळतो की खाली चटई घालावी लागली. आवाजाचं म्हणाल तर खालच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी वर आल्या आणि "पिठाची गिरणी टाकलीत का हो?" असं विचारून गेल्या. पण खरी अडचण वेगळीच आहे, पळून जाता येत नाही. सासूबाई (आपल्या दोघांच्याही) आपल्या आजारपणांचा इतिहास काढायच्या, तेव्हा आपण टायरमध्ये हवा भरायला म्हणून सटकायचो. आता त्या माझ्यासमोर खुर्ची मांडून बसतात. मी ताशी तीस किलोमीटरने जात असतो आणि त्या होत्या तिथेच असतात.

मग लेकीने समोर पडदा जोडून दिला. त्यावर रस्ता दिसतो, झाडं मागे जातात, आणि आपापल्या घरांत पेडल मारणारी कुठली कुठली माणसं पुढे-मागे दिसतात. गेल्या आठवड्यात एका लांबलचक चढावर माझ्यापुढे एक जण होता. निळा शर्ट, डावा खांदा जरासा पडलेला. हुबेहूब तुम्ही! (चित्र होतं, कळतं मला. पण साडूभाऊ, खांदा तोच होता.) मी सीटवरून उठलो, दातओठ खाऊन पेडलं हाणली, "अहो, थांबा की!" असं ओरडलोसुद्धा. तो थांबेना. मी आणखी जोर लावला, चटई सरकली, सांगाडा कलला, आणि मी सायकलीसकट कपडे वाळत घातलेल्या स्टँडवर जाऊन आदळलो.

ही स्वयंपाकघरातून धावत आली. "घरातल्या घरात कुणाला धडकलात?"

मी ओल्या चादरीखालून म्हणालो, "तुझे भाओजी पुढे निघून गेले गं."

मला वाटलं, ही हसेल. हसली नाही. शेजारी फरशीवर बसली, चादर बाजूला केली आणि माझा गुडघा चोळत राहिली. पडद्यावरचा तो इसम तोवर वळणापलीकडे दिसेनासा झाला होता.

असो. बाकी सर्व ठीक. उत्तराची घाई नाही, पण उशीर करू नका.

आपला,
जागच्या जागी असलेला साडू

ता.क. गुडघ्याचं मेहुणीबाईंना कळवू नका. त्या हिला फोन करतील आणि मग आमचा दुपारचा स्वयंपाक संध्याकाळी होईल.

दुसरा ता.क. तुमच्या नव्या गावात चढ आहेत का? सहज विचारतोय. बसमध्ये सायकल टाकू देतात का, याचीही सहजच चौकशी केली आहे.

तिसरा ता.क. (हे मी लिहितेय, भाओजी. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, ते मी वाचलं.) चौकशी कसली, तिकीट काढून बसलेत! सायकलची चाकं काढून बांधून ठेवलीत आणि दिवसभर त्या गाठोड्याभोवती घुटमळतात. शनिवारी येतील, आठवडाभर ठेवून घ्या. मीही येणार आहे, हे त्यांना अजून माहीत नाही. ताईला सांगा. मला सायकल येत नाही, म्हणून काय मला कुणाची आठवण येत नाही?