तांबड्या कोटांची कुमक

९ जानेवारी

चि. खार हिस,

अ. उ. आ. आणि शत्रुपक्षाच्या सेनापतीकडून एक कडक सलाम.

तुझं पत्र आणि फासे पोचले. चार, एक, एक, दोन. फासे तू तिकडे तुझ्या ओट्यावर टाकतेस आणि आकडे मला कळवतेस. खोटं लिहिलंस तर मला कळायचा काही मार्ग नाही. पण अकरा वर्षं इतके भिकार आकडे कळवत आली आहेस की तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल कधी शंकाच आली नाही.

तर इकडे माझ्या टेबलावर तुझे हिरव्या कोटांचे शिपाई डोंगर उतरून नदीशी आलेत. एकशेवीस निघाले होते, चौतीस उरलेत. माझे तांबडे कोट एका दिवसाच्या चालीवर मागे आहेत. पूल ओलांडलास तर मोहीम तुझी, नाहीतर अकरा वर्षांची माघार पाण्यात. नदीला काल व्हार्निशचा नवीन हात दिला, आता पाणी खरंच गार वाटतं. पलीकडच्या काठावरचे खडक म्हणजे वर्कशॉपमधले फुकट गेलेले कवळ्यांचे साचे आहेत, पण दात खाली केलेत, त्यामुळे कुणाला कळणार नाही.

तू हरणार हे तुलाही ठाऊक आहे. तरी थोरल्या भावाने इतकं निर्दय असू नये, असं तुझ्या वहिनीचं मत पडलं. म्हणून तुझ्यासाठी वीस शिपायांची कुमक रंगवली आहे. शेवटची, पुन्हा मागायची नाही. नमुन्याचा एक शिपाई कापसात गुंडाळून गोळ्यांच्या डबीत घातलाय. कोट नेहमीचाच हिरवा, रंगाचे तीन हात दिलेत.

वर्कशॉपमध्ये एका बाईंनी दाताची कॅप दुसऱ्यांदा परत पाठवली. शेजारच्या दातांशी रंग जुळत नाही म्हणे. सोळा छटांची पट्टी हातात धरून मी पंचवीस वर्षं लोकांचे दात जुळवतोय, आणि या मला रंग शिकवणार. मालकांनी नवीन ट्यूब लावल्यात, त्यांच्या उजेडात सगळंच राखाडी दिसतं.

बाकी क्षेम. राग नसावा, असला तर फाशांवर काढावा.

तुझा दादा

२० जानेवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

डबी शिक्षकांच्या खोलीत उघडली आणि एकटीच हसत सुटले. समोर भूगोलाच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता, त्यातल्या एकीने नदी समुद्रातून डोंगराकडे वाहवली होती. सगळ्यांना वाटलं मी तिलाच हसतेय.

दादा, माझ्या कुमकेला तुझ्या सैन्याचा तांबडा कोट? आणि वर पत्रात साळसूदपणे लिहितोस की नेहमीचाच हिरवा, तीन हात. तुझ्या अंगात अजून बारा वर्षांचा पोरगा आहे.

पण आपला नियम तूच केलास. टेबलावर झालेली चूक पुसायची नाही, बखरीत तिचं कारण द्यायचं. पहिल्याच आठवड्यात तू ढोलवाल्याचा हात उलटा चिकटवलास, तेव्हा मी लिहिलं की तो घाटात पडला आणि वैद्याने घाईत हात उलटा बसवला. मांजर टेबलावरून गेलं, तर मी भूकंप केला. बखर माझ्याकडे आहे, तेव्हा शेवटचा शब्द माझा.

तर ऐक. कुमक बर्फात अडकली. थंडीने माणसं मरायला लागली, तेव्हा त्यांना तुझं एक बेवारस कोठार सापडलं आणि त्यांनी शत्रूचे कोट अंगावर चढवले. आता ती तुझ्या चौकीसमोरून राजरोस चालत येईल आणि तुझे पहारेकरी तिला सलाम ठोकतील. कशी जिरली?

धोका एवढाच की पुलावरचे माझेच लोक त्यांना शत्रू समजतील. ते ओळखतात का, यासाठी फासा टाकला. दोन पडलाय. माझं नशीब तुला माहीतच आहे. वीसही तांबडेच आहेत ना, ते कळव.

वहिनींना नमस्कार. मायेत कसर करू नये, लढाईत केलीस तरी चालेल.

तुझी खार

२ फेब्रुवारी

चि. खार हिस,

आशीर्वाद.

पकडलंस. गंमत करायला गेलो आणि तू ती माझ्याच गळ्यात बांधलीस. हो, वीसही तांबडेच आहेत. तुझं कोठाराचं कारण मंजूर, बखरीत लिहून टाक.

माझ्या चौकीने कुमकेला सलाम ठोकला. मग ती पुलाशी पोचली आणि तुझ्या दोनच्या कृपेने तुझ्याच हिरव्यांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. सहा पडले. सातव्याने टोपी काढून हाक मारली, तेव्हा कुठे गोळीबार थांबला. मी त्या सहांना बराच वेळ आडवं केलं नाही. आपल्याच माणसांना आपण ओळखू येऊ नये, हे मला फार लागलं. का ते सांगता येत नाही.

अक्षर वाकडं आहे, कारण चष्मा दुरुस्तीला टाकलाय. वर्कशॉपमधून थोडी रजा घेतली आहे. हक्काची होती, वाया जात होती.

पुढचे फासे लवकर धाड. एरवी तू महिना लावतेस, यावेळी लावू नकोस.

आहे तसा लोभ राहू दे.

दादा

११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघूनच तुम्ही चमकला असाल. हे त्यांच्या नकळत लिहितेय.

ती गंमत नव्हती. तुमचं पत्र वाचल्यावर त्यांनी मला हाक मारली, एकोणीस शिपाई ओळीने मांडले आणि एकेकावर बोट ठेवून कोटाचा रंग विचारला. मी एकोणीस वेळा लाल म्हटलं. मग म्हणाले, खारीला सांगायचं नाही.

वर्कशॉपमधून चार कॅप परत आल्या होत्या. मालक चांगले आहेत, त्यांनी आधी प्लॅस्टरच्या कामाला बसवलं, मग घरी बसा म्हणाले. रजा वगैरे काही नाही. डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांच्या नसा वाळत चालल्या आहेत. आधी रंग जातो, मग मधलं दिसणं जातं, कडेचं थोडं उरतं. औषध नाही. मी पुन्हा विचारलं, तर डॉक्टरांनी पुन्हा तेवढ्याच शांतपणे नाही म्हणून सांगितलं. उन्हाळा संपेपर्यंत वाचता येणार नाही, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखता येणार नाही.

दिवसभर मागच्या खोलीत टेबलापाशी असतात. पूल दिसतोय तोवर ही लढाई संपवायची, एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. तुम्ही धावत येऊ नका. तुम्ही आलात की त्यांना कळेल मी सांगितलं, आणि लपवण्यात जे थोडं बळ टिकलंय तेही जाईल. फासे तेवढे लवकर पाठवा.

मला या खेळातलं काही कळत नाही. इतकी वर्षं त्या टेबलावरची धूळ पुसू देत नाहीत म्हणून भांडत आले. आता पुसायला सांगतात आणि माझ्याने पुसवत नाही.

माया असू द्या.

तुमची वहिनी

१९ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न.

परीक्षा जवळ आल्यात, म्हणून थोडक्यात लिहिते. एकदम पाच डावांचे फासे पाठवतेय: तीन, एक, चार, एक, दोन. हुकूम एकच. ढोलवाला पुढे, जखमी मध्ये, तांबड्या कोटांची कुमक सगळ्यात मागे. तिने पूल धरून ठेवायचा. तेवढ्यात बाकीच्यांनी जमेल तसं पलीकडे जायचं.

तू टेबलापाशी रोज बसतोस का? काय काय दिसतं ते सविस्तर लिही. मला इथून काहीच दिसत नाही, तुझ्याच डोळ्यांनी बघायची सवय आहे.

आशीर्वाद असावेत, जास्तीचे असले तर तेही.

खार

३ मार्च

चि. खार हिस,

आशीर्वाद.

वहिनीने चहाडी केली तर. तुझं अक्षर बोटाएवढं झालं, तेही काळ्या मार्करने, तेव्हाच ओळखलं. लहानपणी खाऊ लपवून ठेवायचीस आणि गाल फुगलेले विसरायचीस, त्यातलाच प्रकार. तिच्यावर रागावलो नाही. मीही आता स्केचपेनने लिहितोय. बारीक रेघ उमटली की नाही, तेच कळत नाही.

काय दिसतं विचारलंस. शिपायाकडे सरळ पाहिलं की तो नाहीसा होतो. शेजारच्या खडकाकडे पाहिलं की कडेला उभा असतो. वहिनीकडेही आता असंच बघतो, तिच्या कानाकडे तोंड करून. ती हसते, असं वाटतं. मला भीती वाटते, खार. हे तिला सांगितलेलं नाही.

तुझे पाच डाव खेळायला बसलो. दोन नीट झाले, अकरा जण पलीकडे गेले. तिसऱ्याला कुमकेतला एक शिपाई चाचपत होतो आणि बाही पुलात अडकली. पूल, दोन्ही सैन्यं, सगळं आडवं झालं. कोण अलीकडे होतं, कोण पलीकडे, कोण आधीच मेलं होतं, मला सांगता येत नाही. वहिनीला विचारलं, तर म्हणाली सगळे नदीत पडलेत. आता बोटांना फक्त ढोलवाला ओळखू येतो, त्याच्या उलट्या हातामुळे. बाकी सगळे सारखेच लागतात. हिरवेही आणि तांबडेही.

अकरा वर्षांची मोहीम फाशांनी संपली असती तर मी सोसलं असतं. ती माझ्या बाहीने संपली.

नियमाप्रमाणे या चुकीचं कारण तू द्यायचंस. आणि जमलं तर माझ्या डोळ्यांनाही बखरीत कुठेतरी जागा शोध. मी पुष्कळ शोधली.

लोभ वाढवायचा असेल तर आत्ताच वाढव.

दादा

१६ मार्च

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

सोबत त्यांची चार पानं आहेत. काल दुपारभर बसून लिहिली. मी म्हटलं, सांगा, मी लिहून घेते. तर म्हणाले, हे भावाबहिणीतलं आहे, तू वाचायचं नाही, नुसती घडी घालून पाकिटात घाल. घडी घालताना दिसलं. स्केचपेनचं टोपण उघडं राहिलं होतं. पहिल्या दीड ओळीनंतर पेन वाळलं आहे. पुढची सगळी पानं कोरी.

पेन्सिल फिरवली तर काही उमटेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं, एका कोपऱ्यावर फिरवून पाहिली, त्याची माफी असावी. काही उमटत नाही. त्यांचा हात पहिल्यापासून पिसासारखा हलका, त्यात स्केचपेनचं टोक मऊ.

लिहून झाल्यावर पहिल्यांदाच त्यांना दुपारी झोप लागली. उठल्यावर म्हणाले, सगळं सांगून टाकलं, आता बरं वाटतंय. पानांचं मी त्यांना सांगितलेलं नाही. पुन्हा लिहायला लावायचं म्हणजे कोऱ्या पानांबद्दल सांगायचं. मी आता काय करू ते कळत नाही, म्हणून जसं आहे तसं पाठवतेय.

सांभाळून घ्या.

तुमची वहिनी

(सोबतच्या पहिल्या पानावर)

चि. खार हिस, आशीर्वाद. आता आडपडदा ठेवत नाही. तुझ्याकडे एकच मागायचं आहे, आणि ते

२४ मार्च

वहिनी,

हा कागद वेगळा ठेवा, दुसरा दादाला वाचून दाखवा. पानं मी खिडकीशी धरून पाहिली, दिव्याशी धरून पाहिली, बोटं फिरवून पाहिली. ये म्हणालाय की येऊ नकोस म्हणालाय, तेही कळत नाही. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. पत्र ऐकून त्याचा चेहरा कसा होतो ते बघा आणि मला लगेच कळवा. तोवर मी इथेच आहे.

खार

२४ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चारही पानं पुन्हा पुन्हा पाहिली.

आधी बखरीचं. पुलाचं कारण मिळालं, ते असं लिहिलं आहे: दोन्ही सैन्यं एकाच वेळी पुलावर आली आणि पूल मोडला. पाण्यात कोटांचे रंग उतरले. मागाहून नदीकाठी आलेल्यांना कोण कुणाचा ते ओळखता येईना, म्हणून त्यांनी सगळ्यांना शेजारी शेजारी पुरलं. ढोलवाला तेवढा हातावरून ओळखू आला. मोहीम कुणी जिंकली याची नोंद नाही. एकही ओळ खोडलेली नाही.

तुझ्या डोळ्यांना मात्र जागा सापडली नाही, दादा. धुकं लिहिलं, तोफांचा धूर लिहिला, बर्फावरचं ऊन डोळ्यांवर आलं असं लिहिलं. लिहून झालं की सगळंच खोटं वाटायचं. अकरा वर्षांत प्रत्येक चुकीला काहीतरी कारण दिलं, तेव्हा वाटायचं कारण दिलं की चूक आपली होते. ही आपली होत नाही. याला कारण नाही. मी फार रडले, तेही सांगून टाकते. बखरीत एक पान कोरं सोडलं आहे आणि ते तसंच राहील.

आता तू जे मागितलंस त्याबद्दल. तू दुपारभर बसून लिहिलंस, म्हणजे मागायला जड गेलं असणार. पुन्हा तोंडाने बोलून दाखवायची गरज नाही, आणि मी कबूल केलं की नाही याची काळजी करत बसायची तर मुळीच नाही. जे मागितलंस, जसं मागितलंस, तसंच करीन. मला सोपं जावो की अवघड.

माझं उत्तर हो आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी खार