डाव्या गुडघ्याचा जीर्णोद्धार

७ जानेवारी
आज मिक्स्ड डबल्स. मी आणि बायको विरुद्ध दातवाला आणि त्याची बहीण. दातवाला म्हणजे आमच्या बॅडमिंटन हॉलमध्ये येणारा डेंटिस्ट. उंच आहे आणि सारखा हसतो. स्वतःच्या धंद्याची जाहिरात, दुसरं काय.
दुसऱ्या गेममध्ये शटल बायकोच्या बाजूला आलं. तिला झेपणारं नव्हतं. मी ‘माझं’ म्हणून ओरडलो आणि उडी घेतली. हवेत असेपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. खाली आलो तेव्हा पाय एकीकडे आणि मी भलतीकडे. डाव्या गुडघ्यात टक्कन आवाज झाला. दातवाल्याला म्हणे नेटपलीकडे ऐकू आला. लगेच बर्फ घेऊन आला. पुढे पुढे करायची सवय.
बायकोचं म्हणणं, शटल अलगद तिच्या रॅकेटवर येत होतं. धक्का बसलाय बिचारीला, काहीही बोलते.
साधी मुरगळ आहे. परवा कामावर.

१० जानेवारी
कामावर गेलो. मी गाडी चालवायला शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्याही पायाशी एक ब्रेक आणि एक क्लच असतो. आज वळणावर एका बाईंची गाडी आचके द्यायला लागली. मी माझा क्लच दाबायला डावा पाय उचलला, तर गुडघा आतल्या आत सरकला. मी बोंबललो. बाई दचकल्या आणि गाडी दुभाजकावर चढवली. पुढचा बम्पर गेला.
मालक म्हणाले, बरं वाटेपर्यंत घरी बसा. बाईंना लक्ष विचलित न होऊ देण्याचा धडा पुन्हा द्यावा लागणार.

१६ जानेवारी
एमआरआयचा रिपोर्ट आला. लिगामेंट पूर्ण तुटलंय. ‘पूर्ण’ या शब्दावर सर्जनने पेन टेकवलं, जसं काही मला वाचता येत नाही.
मी विचारलं, पट्टा बांधून भागेल का? तो म्हणाला, सरळ रस्त्याने चालायचं तर भागेल. गर्रकन वळायचं, उडी मारायची, तर नवीन लिगामेंट बसवावं लागेल. आता ते काय बाजारात मिळतं? तर नाही. माझ्याच मांडीच्या मागच्या बाजूचे दोन टेंडन काढायचे, दोऱ्यासारखेच असतात म्हणे. त्यांच्या घड्या घालून जाड दोरी करायची, गुडघ्याच्या हाडांना भोकं पाडून ओवायची आणि स्क्रूने आवळायची.
माझाच माल, माझ्याच घरात. मला एकदम पटलं. कुणाचे उपकार नकोत.
मे महिन्यात हॉलची स्पर्धा असते. दर वर्षी आम्ही सेमीफायनलला हरतो, कारण बायकोचा बॅकहँड. यंदा फायनल मारायचीच. सर्जनच्या मते खेळायला नऊ महिने ते वर्ष लागेल. ते सर्वसाधारण माणसाला.

२ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. कमरेखाली बधिर केलं होतं, वरून मी टक्क जागा. पडद्यापलीकडे ड्रिलचा आवाज, मग हातोडीचा. शेजारी फळी ठोकत असावेत तसं. सर्जन मदतनिसाशी फ्लॅटच्या गळतीबद्दल बोलत होता. मी दोन-तीन सूचना केल्या. गळतीबद्दलही आणि गुडघ्याबद्दलही. मग कुणीतरी सुईतून काहीतरी सोडलं, पुढचं आठवत नाही.

५ फेब्रुवारी
घरी. मदतीला सासूबाई आल्यात. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. आल्या त्या जिन्याने आल्या आणि लिफ्ट बंद आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.
फिजिओबाईंनी व्यायाम दाखवले. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा, म्हणजे तो पूर्ण सरळ होतो. गुडघ्याखाली उशी अजिबात घ्यायची नाही. बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहायला शिकतो.
संकल्प: रोज तीनदा व्यायाम. उशी नाही.

५ फेब्रुवारी, दुपार
उशी. फक्त आजच्या दिवस.

१९ फेब्रुवारी
उशीबद्दल माझं स्वतःचं मत बनलंय. नव्या दोरीला विश्रांती हवी. फिजिओबाई येतात तेव्हा उशी पाठीमागे सरकवतो, उगाच त्यांचा हिरमोड नको.
दातवाल्याची बहीण परगावी गेली. त्याला जोडीदार नाही, म्हणून बायको त्याच्याबरोबर सराव करतेय. मी परवानगी दिली. तिने मागितली नव्हती, पण दिलेली बरी. माझ्या जागी तात्पुरता कोणीतरी हवाच. स्टेपनी.

८ मार्च
आज फिजिओबाईंनी मला पलंगावर पाय पसरून बसवलं आणि गुडघ्याखालून हात घातला. अख्खा तळहात आरपार गेला. म्हणाल्या, गुडघा सरळ होत नाहीये, म्हणून तुम्ही लंगडता. मी म्हटलं, माझी चालच तशी आहे, ऐटीची. त्यांनी मांडीवर हात ठेवून दाबलं. मी जे ओरडलो त्याने सासूबाई धावत आल्या, मला पुढे वाकवलं आणि पाठीमागची उशी फिजिओबाईंच्या हातात दिली. पंधरा दिवस बघतेय म्हणे, जावईबापूंना तोंडावर कसं बोलायचं म्हणून गप्प होते.
मग गप्प राहिल्या नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं काहीसं बोलल्या. आता त्या व्यायामाला माझ्याशेजारी स्वतःचे पाय घेऊन बसतात आणि माझ्या आधी संपवतात.

२ एप्रिल
गुडघा सरळ. मनोधैर्याचा विजय.
बायकोने स्पर्धेत नाव दिलं. दातवाल्याबरोबर. मला सांगताना जरा चाचरली. मी दिलखुलास हसलो. म्हटलं, पहिल्या फेरीत हरलात तरी वाईट वाटून घेऊ नका, अनुभव महत्त्वाचा. ती रॅकेटची ग्रिप गुंडाळत बसली. सासूबाई मात्र शेंगा सोलता सोलता माझ्याकडे बघत राहिल्या.

२४ एप्रिल
गुडघा झकास. दुखत नाही, सुजत नाही. जिने दोन दोन पायऱ्यांनी.
फिजिओबाईंनी यावरही पाणी ओतलं. म्हणाल्या, हाच काळ सगळ्यात वाईट. बसवलेली दोरी आधी आतून मऊ पडते आणि मग हळूहळू नव्याने घट्ट होते. बाहेरून गुडघा बरा वाटतो तेव्हाच ती सगळ्यात कच्ची असते. बहुतेक लोक इथेच माती खातात.
‘बहुतेक लोक’ हे ऐकून बरं वाटलं. मी त्यांच्यात कधीच नव्हतो. घरी येऊन स्वयंपाकघरात दोन उड्या मारून पाहिल्या. काही झालं नाही. वरच्या फळीवरचा डबा तेवढा पडला.

४ मे
स्पर्धा सुरू. बायको आणि स्टेपनी पहिली फेरी जिंकले. समोरची जोडी कच्ची होती.

७ मे
पुन्हा जिंकले. मी खुर्चीवरून सूचना दिल्या. तिसऱ्या सूचनेला पंच म्हणाले, जरा शांत बसा. उंटावरून शेळ्या हाकणारे पंच मी पुष्कळ पाहिलेत.

९ मे
सेमीफायनल जिंकले. मला खोटं लिहायचं नाही, इथे तरी. झोंबलं.
ही बाई स्मॅश कधीपासून मारायला लागली? माझ्याबरोबर खेळताना ती नेटपाशी उभी असायची. मीच तसं सांगितलं होतं, मागचं कोर्ट माझं. आज ती मागून धावत आली, हवेत गेली आणि जे हाणलंय. सगळा हॉल ओरडला. दातवाला काय करत होता? बाजूला सरकून तिला जागा देत होता. आयतं श्रेय लाटायची ही पण एक तऱ्हा.
घरी येताना रिक्षात ती गुणगुणत होती. इतकी खूश ती शेवटची कधी दिसली होती ते मला आठवेना. म्हणजे मी जोडीला असताना असेलच कधीतरी.

१० मे
उद्या फायनल. मी बूट घालून जाणार आहे, खेळाचे. माणसाने तयार असावं. दातवाल्याला पोटरीत गोळा येऊ शकतो. उंच लोकांना येतो.
बायकोला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. ती म्हणाली, म्हणूनच तू दुसऱ्या रांगेत बस.

११ मे, हॉस्पिटल
व्हायचं ते झालं. क्रमवार लिहितो, म्हणजे गैरसमज राहणार नाही.
फायनलच्या आधी दातवाला गाडी लावायला गेला होता. बायकोला हात मोकळे करायचे होते. समोरून शटल देणारं कुणी नव्हतं. मी उठलो. ती नको म्हणाली. मी म्हटलं, नुसता उभा राहतो. ती म्हणाली, नुसताच. पाय हलवायचे नाहीत, अशी शपथ घातली तिने, तीही सगळ्यांसमोर.
आठ-दहा शटल मी शहाण्यासारखी दिली. मग तिने एक उंच टाकलं. लोक बघत होते. पहिल्या रांगेत कामावरचे आमचे मालक होते. मला वाटलं, एकच. एक स्मॅश दाखवायचा आणि खाली बसायचं.
हात दाखवून अवलक्षण. वर गेलो, डाव्या पायावर आलो आणि त्या पायाने मला घेतलंच नाही.
दातवाला धावत आला. त्याने आणि मालकांनी मला उचललं. पंच घड्याळ बघत कोर्टाशी उभे होते. बायको रॅकेट हातात घेऊन मध्यभागी उभी होती. मग तिने रॅकेट पिशवीत घातली, चेन लावली आणि माझ्या मागून आली. समोरच्या जोडीला न खेळता ढाल मिळाली.

१३ मे
नवी दोरी तुटली. सर्जनने रिपोर्टवर पेन टेकवलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. पुन्हा करायचं तर या पायात काढण्यासारखं काही उरलेलं नाही. आता उजव्या पायाचे टेंडन घ्यावे लागतील. म्हणजे चांगला पायही कामाला लावला मी.
बायको शेजारी बसलीय. सफरचंद कापून देतेय. रागावली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, अर्ध्या तासाचा खेळ होता, खेळून का नाही आलीस? दातवाला मला घेऊन आला असता. ती म्हणाली, तोच विचार करत उभी होते तिथे. वाईट वाटतं, पण खरंच करत होते. आणि पुढच्या वर्षी तसंच करणार आहे. नाव त्याच्याबरोबरच देणार.
तीन महिने तिने त्या फायनलसाठी घाम गाळला आणि मी तिला कोर्टाबाहेर घेऊन आलो, तेही स्वतः दोघांच्या हातांवरून. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालंय. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, पुढच्या वर्षी तुमच्या सरावाला शटल द्यायला कुणीतरी लागेलच.
ती म्हणाली, हो, कुणीही चालेल. तू सोडून.